महालक्ष्म्यांची गोळी

हैदराबादची गाडी अकोल्याच्या प्लॅटफॉर्मवर उभी होती आणि ताई माझी पिशवी सोडत नव्हती. तिचा डावा हात सुजलेला. कॅन्सरच्या ऑपरेशनात छातीसोबत काखेतल्या गाठी काढल्या की हात असा सुजू शकतो, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्याच हातात तिनं पिशवी धरली होती. आई अमरावतीहून आली होती, ऐन हंगामात झेंडूचा तोडा टाकून. आम्ही फुलं पिकवणारे आणि विकणारे लोक. आमच्या घरचा माणूस हंगामात शेत सोडतो तेव्हा कुणीतरी मेलेलं असतं किंवा कुणाचं तरी लग्न असतं.

आई म्हणाली, "तिकडं सारं आंबट खातात म्हणे. खाजो चुपचाप."

ताई म्हणाली, "अन् मोर्चे काढू नको व तिथं. पगार देऊन राहिले ते तुले, घोषणा द्याले नाई."

कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटत उभी राहणारी पोरगी म्हणजे मी. होस्टेलचं पाणी, एसटीचा पास, सरकारी दवाखान्यात नसलेली औषधं. जे दिसेल त्यावर पत्रक. शेवटची ओळ ठरलेली : जाब विचारा! गाडी हलली तेव्हा वाटलं, आता मी विज्ञान शिकून येईन आणि सगळ्यांना जाब विचारीन. काय हा माज.

हैदराबादला मी एका संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये, प्रयोगाचे उंदीर पाळतात तिथं, लागले. काम सोपं सांगते. उंदरिणींना एक रसायन पाजून त्यांच्या स्तनात गाठी तयार करायच्या. मग काहींचं अंडाशय काढायचं, काहींना हार्मोन द्यायचं, आणि दर आठवड्याला एकेक उंदरीण हातात धरून गाठ चाचपायची, कॅलिपरनं मोजायची. अंडाशय काढलं की गाठ बहुतेक वेळा आक्रसायची. मग इस्ट्रोजेनची बारीक गोळी कातडीखाली सरकवली की तीच गाठ पुन्हा फुगायची. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचं वागणं वाकडं. कधी दिलं, किती दिलं, त्यावर गाठ वाढायची किंवा नाही.

तिथं प्रत्येक उंदरिणीचं मासिक चक्र आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो आणि मोठ्यानं सांगायचो. पुरुषसुद्धा. पहिल्या दिवशी माझे कान तापले होते. आमच्या घरात 'पाळी' हा शब्द उच्चारत नाहीत. 'बाहेर बसली' म्हणतात, तेही 'सांडशी कुठं गेली' विचारावं तशा आवाजात. पीजीच्या खोलीत एकटीनं टोमॅटो राइस खाताना मला वाटायचं, मी एका मोकळ्या देशात आले आहे.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना मी अकोल्याला ताईच्या सासरी गेले. वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणजे काय, ते तिथून गेलेल्यांना सांगायला नको : सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि जेवायला अर्धी गल्ली. आदल्या सकाळी ताईनं फ्रिजवरची पट्टी काढली, एक गोळी फोडली आणि पाण्यासोबत टाकली.

"कायची गोळी हाय?"

"महालक्ष्म्यांची."

म्हणजे पाळी पुढे ढकलायची. मी पट्टी उलटी केली. नाव वाचलं. हार्मोन. ज्या बाईची गाठ हार्मोनवर वाढणारी आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, जी हार्मोनला अडवायची गोळी रोज रात्री घेत होती, ती सकाळी हार्मोन खात होती.

"ताई, पागल झाली का? काहून घेते?"

"मंग पुरण कोन वाटन? तू? तुले तं पोळी लाटता येत नाई."

"डॉक्टरले सांगतलं?"

"डॉक्टरले काय सांगाचं? हे काय औषध हाय?"

तिथं मी हरले. डॉक्टर दर वेळी विचारत, दुसरी काही औषधं चालू आहेत का, आणि ताई खरेपणानं नाही म्हणायची. लग्न झाल्यापासून श्रावण ते दिवाळी ती गोळी घरात असायची, हळद-कुंकवासारखी. हळद-कुंकवाबद्दल कोण डॉक्टरला सांगतं? मी पट्टी कचऱ्यात टाकली. दुपारी तिनं दुसरी आणली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. सणाच्या दिवसांत तो ती पट्टी हाताशीच ठेवतो.

उन्हाळ्यात कॅन्सर परत आला. मणक्यात.

मी संस्थेतल्या माझ्या गाइड मॅडमकडे गेले. म्हटलं, मला लिहून द्या की त्या गोळीनं झालं. मला पत्रक छापायचं आहे. त्या म्हणाल्या, "त्या गोळ्या तिनं घ्यायला नको होत्या, हे नक्की लिही. पण त्यांच्यामुळंच परत आला, हे तुला माहीत नाही. मलाही नाही. उंदरिणीवरून एका बाईचं सांगता येत नाही."

मला त्यांचा राग आला, कारण त्या बरोबर होत्या. शत्रू सापडला आहे आणि त्याच्यावर गुन्हा शाबीत करता येत नाही, ही अवस्था पत्रक लिहिणाऱ्याला कुणी शिकवत नाही. मी छापलं तरी. 'बायांनो, ही गोळी औषध आहे. डॉक्टरला सांगा. देवीनं तुमची पाळी कधी तपासली?' अकोल्यात घरोघर दिलं. बायांनी दारातच वाचलं आणि घडी घालून परत केलं. घरात पुरुषमाणसं होती. एक म्हणाली, "बाई, तू म्हनतं ते खरं हाय. पन सासूले तू सांगशीन का?"

ताईच्या सासूला मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आमी काय तिले खा म्हनलं होतं का?" आणि खरंच कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती.

पावसाळ्यात डॉक्टरांनी ताईचं अंडाशय काढलं, हार्मोन तुटावं म्हणून. जे मी टेबलावर उंदरिणींचं होताना पाहिलं होतं, तेच.

यंदा महालक्ष्म्यांना ती मणक्यासाठी पाठीला पट्टा बांधून खुर्चीवर बसून पुरण वाटत होती. सासू प्रेमानं तिच्या पाठीवरून हात फिरवत जमलेल्या बायांना म्हणाल्या, "चाला, एक बरं झालं. आता हिची बाहेर बसाची कटकटच गेली." बाया हसल्या. ताईही हसली. त्या हसण्यात मला दु:ख शोधता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ती खरोखर खूश होती.

वऱ्हाड सोडून जे गेलात आणि जे राहिलात, दोघांनाही सांगते. मला घर विचारलं की हैदराबादची खोली आठवत नाही, अमरावतीचं शेतही नाही. ते जेवण आठवतं. पान ताईनं वाढलं. पुरण चांगलं झालं होतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.