शिंगाडेबाई आणि माझे मखाने

शिंगाडेबाईने कधी कशाला चांगलं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. मूलहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यालगत, मोठ्या तळ्याच्या काठच्या एका गावात आम्ही तीन वर्षं होतो. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. तेवढ्या काळात गावात टेलिफोन आला, डांबरी रस्ता आला, एकदा मंत्रीसुद्धा आले. बाईने तिघांकडे सारख्याच नजरेने पाहिलं. टेलिफोनबद्दल म्हणाली, "ज्याच्याशी बोलाचं तो तं शेजारीच राह्यते." मंत्र्यांबद्दल म्हणाली, "एवढी दुनिया जमली, एकानं तरी शिंगाडे घेतले का?"

ती ढिवरांच्या घरची. नवरा तळ्यात मासोळी धरायचा, आणि शिंगाड्यांची वेल हिच्या ताब्यात. दिवाळीच्या आगेमागे उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचा टोपला डोक्यावर घेऊन ती आमच्या क्वार्टरांच्या ओळीत यायची. गिऱ्हाइकाची मनधरणी करणं तिला ठाऊक नव्हतं. कुणी शिंगाडा दाबून पाहिला, की ती म्हणायची, "दाब, दाब. बोट तुयंच दुखन." तरी टोपला दुपारच्या आत रिकामा व्हायचा.

दोन हजार एक सालच्या दिवाळीत मला सहावा महिना लागला होता आणि मी मखाने खात होते. गावात मखाने कुणी पाहिलेही नव्हते. माझी आई नागपूरला कुठल्याशा मासिकात 'गर्भवतीसाठी पौष्टिक खाऊ' वाचून बसली आणि इतवारीतून पिशव्याच्या पिशव्या एसटीने पाठवू लागली. सोबत ते कात्रण, लाल पेनाने रेघा मारलेलं. तुपात परतलेल्या मखान्यांचा डबा मी जवळ घेऊन बसायची. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर. तोंड चालू राहायचं, पोट भरल्यासारखं वाटायचं, जेवायला बसलं की दोन घासांत पुरे. बी. एस्सी. झालेली बाई मी! पण कात्रणात 'मधल्या वेळी' असं छापलेलं होतं, ते काही मला दिसलं नाही.

सासूबाई चामोर्शीकडच्या, आमच्याजवळच राहायच्या. माझी आई आणि त्या यांचं लग्नाच्या बोलणीपासून एकाही गोष्टीवर पटलं नव्हतं, ते मखान्यांवर पटलं. आईला वाटे, यात सगळी ताकद आहे. सासूबाईंना वाटे, यात काहीच नाही, म्हणूनच चांगलं. शेवटच्या महिन्यांत बाईने हात आखडून जेवावं, म्हणजे लेकरू बारीक राहतं आणि बाई सहज सुटते, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांचीच कशाला, आजूबाजूच्या दहा गावांची. त्यामुळे माझ्या ताटातला भात निम्म्यावर आला तरी घरात कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. उपकेंद्रातल्या सिस्टरने काट्यावर उभं करून सांगितलं, "दीड महिन्यात वजन तसूभर हललं नाही. नीट जेवत जा, नाही तर लेकराला आणि तुम्हालाही जड जाईल." मी आणि सासूबाईंनी माना डोलावल्या, घरी आलो, आणि मी डबा उघडला.

त्या दिवशी शिंगाडेबाई ओट्यावर टेकली होती. मी मोठ्या कौतुकाने तिच्या हातावर चार मखाने ठेवले. तिने एक चिमटीत धरून दाबला. तो चुरला.

"हे का होय?"

मी सांगितलं, "हेसुद्धा तळ्यातलंच बी आहे, बाई. तिकडे बिहारात होतं. काटेरी वेल असते, पाण्यात उतरून काढतात."

"पान्यात उतराचं, काटे टोचून घ्याचे, आन मंग हे आनाचं?" तिने तळवा झटकला. "आन जेवाले का खाल्लं तू?"

"भूकच लागत नाही. हे खाते ना."

"हे जेवन नाई व माय. हे जेवनाची थट्टा हाय. हवा खाऊन राह्यली तू."

मग तिने टोपल्यातले सात-आठ शिंगाडे सोलले, माझ्या पुढ्यात ठेवले आणि मांडी घालून बसली. ओळीतली गिऱ्हाइकं हाका मारत होती. "थांबा, मरत नाई तुमी," म्हणून तिने त्यांना गप्प केलं. मी शेवटचा शिंगाडा गिळल्यावरच टोपला उचलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी, "मासोळी खात नाई? मंग शहरात शिकली काय?" असा शेरा मारून जवसाची चटणी घेऊन आली. मला तिचा राग यायचा. पण ती सोलायची आणि मी खायची.

आठवड्याभराने सासूबाईंचा धीर सुटला. "बाई, तुमी तिले फुगवून राह्यल्या. लेकरू मोठं झालं आन अडलं तं?" त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या.

"अडलं तं दवाखाना हाय. लेकरू बारीक झालं आन माय बी वाळली, तं का करशीन?"

"आमाले काऊन शिकवता? आमी बाळंतपनं पाह्यली नाई का?"

शिंगाडेबाईचा हात सोलता सोलता थांबला. मी तिला पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"म्या बी पाह्यलं. मायी पोरगी पह्यल्या खेपेले माह्यापाशी आली होती. सातव्यापासून मी तिच्या ताटातला भात काढो. पोरगी मांगे, माय, आखीन एक मूठ दे. मी म्हनो, नाई, लेकरू मोठं होईन, अडन. लेकरू बारीकच झालं. सुटली बी लवकर. पन तिच्या आंगात रक्तच नोतं. गाडी येतपर्यंत पोरगी थंडी पडली. लेकरू तीन दिवसानं गेलं." तिने पुन्हा शिंगाडा हातात घेतला. "तवापासून मले कोनीच शहानं वाटत नाई. सगळ्यात पह्यले मी."

सासूबाई आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, वर पुन्हा वाढला, आणि मी नको म्हणायच्या आत वरण ओतलं. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. खायला समोर असताना मी उपाशी राहत होते, आणि तेही कौतुकाने.

फाल्गुनात गडचिरोलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. रडली ती असा आवाज काढून, की सिस्टर हसल्या. मला रक्त चढवावं लागलं नाही. उन्हाळ्यात यजमानांची बदली जिवतीला झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं, सगळी ओळ निरोप द्यायला जमली होती आणि माझी लेक या हातातून त्या हातात फिरत होती. कुणी तीट लावत होतं, कुणी नाक कुणावर गेलंय यावरून भांडत होतं. शिंगाडेबाई आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेलं ताट होतं. तिने लेकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गर्दीतून वाट काढत सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"तू जेवली का?"

"पोचल्यावर जेवीन, बाई."

"अंगावर पाजून राह्यली आन पोचल्यावर जेवते म्हने!" तिने मला गाद्यांच्या वळकटीवर बसवलं आणि फडकं सोडलं. आत ताटात भात आणि अंबाडीची भाजी, शिवाय पानात बांधलेला आणखी भात. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "वाजव, वाजव, तुया बापाची गाडी हाय," ती म्हणाली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

ताटातला भात संपत आला तेव्हा मी हात थांबवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आखीन एक मूठ देऊ?"

मी ताट पुढे केलं. तिने पानातला भात वाढला, मूठ मोठी करून. तो भात एके काळी कुणी मागितला होता, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी सगळा खाल्ला.