देवीच्या वाहनावर पाच ओळी

परीक्षेत एखादं मूल नापास होतं, हे आपण जाणतो. पण फुकटचे गुण वाटायला बसून अख्खा वर्ग नापास करणारा परीक्षक पाहिलाय कधी? बसा, चहा येतोय. तुमच्या समोरच आहे तो.

मी घुग्घुसचा, कोळशाच्या धुळीत वाढलेला. बायको नर्स. तिची बदली आलापल्लीजवळच्या एका गावात झाली, तसा मीही गेलो. उन्हाळ्यात देवीच्या देवळात मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू केला. देवळाच्या समितीचे अध्यक्ष बाबाराव भाऊ म्हणाले, "चालवा जी. पण पोट्टे पास झाले पाह्यजे. नाई तं पुढल्या साली वर्ग बंद. मंडप भजनवाल्याइले देतो."

म्हणून मी पेपर आखूनरेखून काढला. शेवटचा प्रश्न मुद्दाम सोपा आणि मुद्दाम भारी ठेवला: 'आपल्या गावच्या देवीचे वाहन कोणते? त्याविषयी पाच ओळी लिहा.' पन्नासपैकी पस्तीस गुण. देवळाच्या भिंतीवर देवी वाघावर बसलेली, वाघ मिशांसकट रंगवलेला. मान वर केली की उत्तर. याहून उदार परीक्षक कोण असणार?

पेपर तपासायला घेतले. आरती कशी करावी, प्रसाद आधी कोणाला, सगळं ठीकठाक. आणि शेवटचा प्रश्न? कोरा. पुढचा पेपर, कोरा. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी सोनी. तिने एवढंच लिहिलं होतं: 'मला माहीत आहे, पण आत्ता नाही.'

आता याला काय गुण द्यायचे, तुम्हीच सांगा. बेरीज केली तर सगळा वर्ग आपटला होता.

मी धीराचा माणूस. म्हटलं, तोंडी परीक्षा घेऊ. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, गाव पहाटेच पानं तोडायला जंगलात जायचं. आईबापांसमोर मुलं हुरूपाने बोलतील, म्हणून मी मुलांना पहाटे देवळापुढे उभं केलं. डबे, फडकी घेऊन निघालेल्या बायांनाही थांबवलं.

"सोनी, सांग. देवी कशावर बसली आहे?"

सोनी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली.

"घाबरू नको. सगळे माझ्यामागून म्हणा, वाघ!"

कोणी म्हणेना. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग आणखी मोठ्याने म्हटलं. मग भजनाच्या चालीवर, टाळ्या वाजवून.

बायांनी डबे खाली ठेवले. सोनीची आई वनिताबाई डोक्यावरचं फडकं सोडत म्हणाल्या, "झालं. आज कोणी जात नाई."

"का बरं?"

"काऊन म्हणून पुसता? जंगलात जाच्या वक्ताले त्याईचं नाव घेते का कोणी? आमी पोट्ट्याइले या दिवसात लिहूबी देत नाई. तुमी तं टाळ्या वाजवून बलावलं."

अख्खं गाव घरी बसलं. दुपारी बाबाराव भाऊ आले.

"पावसानं पत्ता बुडते, गुरुजी, गारपिटीनं बुडते. परीक्षेपायी बुडाला, असं पह्यल्यांदा पाहून राह्यलो."

"आता काय करू, भाऊ?"

"बाया म्हंते, ज्यानं बलावलं त्यानं उद्या पुढं चालावं."

दुसऱ्या दिवशी जंगलाच्या वाटेवर सगळ्यांत पुढे मी. मागे गाव. गावकूस मागे पडलं न पडलं, तोच झुडपात खसखस झाली. मी थांबलो.

"काय हाय जी तिकडं?" वनिताबाईंनी मागून विचारलं.

मी तोंड उघडलं. शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथेच बसला. काही केल्या बाहेर निघेना. तेवढ्यात झुडूप हललं आणि पाला चघळत एक शेळी बाहेर आली.

"बकरी हाय," वनिताबाई म्हणाल्या. "इचं नाव घेतलं तं चालते."

त्या संध्याकाळी मी सगळ्या कोऱ्या उत्तरांना पस्तीसपैकी पस्तीस गुण दिले आणि निकाल बाबाराव भाऊंपुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"सारे पास हाय. वर्ग चालू राह्यन जी. पण पुढल्या साली पेपर सोनी काढन."

"आणि मी?"

"तुमी बसा ना परीक्षेले. पोट्ट्याइच्या मागं जागा हाय."