ठेकेकाकांची चढती लय

दहा मार्च २०२५, सकाळी सात वाजून वीस मिनिटे: ठेकेकाकांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर हमिंगबर्डचे पंख वाजवले.

शेजारचे हे काका आयुष्यभर तबल्याची साथ करत आले होते. त्यांची लय चढते, हे नाशिकच्या प्रत्येक गायकाला ठाऊक होते. सटाण्याच्या एका मैफलीत दम लागलेल्या गायिकेने मागे वळून विचारले होते, "काका, शेवटची एसटी गाठायचीय का?" काकांचा बचाव ठरलेला असे: लय ते चढवत नाहीत, ती आपली आपण चढते.

माझा पेच निराळा होता. अँडीज पर्वतातला, साळुंकीएवढा महाकाय हमिंगबर्ड ही एकच जात मानली जाई. जनुकांनी दोन दाखवल्या. एक स्थलांतर करते, दुसरी बारमाही उंचावर राहते; दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. नुसत्या पंखांच्या गतीवरून त्या ओळखता येतील, या आशेवर माझा प्रबंध उभा होता. परदेशातून आलेल्या व्हिडिओंतले धूसर पंख मोजताना संगणक दर वेळी वेगळे उत्तर देई. काका हे ऐकून म्हणाले, "तू चहा ठेव. ठेका मी धरतो."

दहापट संथ केलेल्या व्हिडिओवर ते पंखांच्या प्रत्येक फटक्याला बोट आपटू लागले. पहिला पक्षी, मिनिटाला नव्वद. दुसरा, शहाण्णव. मी हरखले. पडताळणी म्हणून पहिलाच व्हिडिओ न सांगता पुन्हा लावला. शंभर.

"हा तिसराच आहे, बाईसाहेब," काका ठामपणे म्हणाले.

शेवटी मी एकेक चौकट थांबवून मोजले. दोन्ही पक्षी नव्वद. फरक पंखांत नव्हताच. तो काकांच्या बोटांत होता. पुढे रक्ताच्या नमुन्यांचे अहवाल आले: पहिले दोन पक्षी खरोखरच दोन जातींचे निघाले. म्हणजे काकांचा निष्कर्ष अर्धा खरा आणि पुरावा पूर्ण खोटा. हे त्यांना समजावताना माझाच गोंधळ उडाला.

"म्हणजे चुकलो कुठे, ते तुला कळलं. बरोबर कसा आलो, ते नाही," ते म्हणाले. ते मला अजूनही कळलेले नाही. प्रबंधाचे ते प्रकरण मी काढून टाकले.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, रुग्णालयात, त्यांनीच खुणेने पक्षी मागितले. मी फोन समोर धरला. चादरीवर बोटे हलली. पहिला, नव्वद. दुसऱ्याला लय चढावी, असे मला फार वाटत होते. मोजणाऱ्याने असे काही वाटून घेऊ नये. दुसऱ्याचे ठोके मी पुन्हा मोजले.

नव्वद.