चिमणीचं रक्त

बांधकामावर तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिची जागा सगळ्यांच्या वर, टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये. उभी शिडी चढून ती रोज वर जायची आणि सळयांच्या मोळ्या अशा अलगद उतरवायची, की खाली धूळ उडायची नाही.

त्या वर्षी निम्म्या शिडीतच तिला धाप लागायला लागली. तळपायांना मुंग्या यायच्या. बर्फ चघळायची तर अशी ओढ, की नवरा म्हणायचा, बायको केली की पेंग्विन पाळला, कळेना. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फारच कमी. लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा सळया हवेत असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने ब्रेक लावला, नजर स्थिरावल्यावर मोळी सावकाश टेकवली आणि खाली उतरली. कुणाच्या काही लक्षातही आलं नव्हतं. तरी तिने मुकादमाला सगळं सांगितलं.

"बरी होईपर्यंत मी वर जाणार नाही. पण जागा माझी आहे. ती मी परत घेणार."

मुकादमाने तिला खाली, इशारे द्यायच्या कामावर ठेवलं. सासूबाईंना तेच हवं होतं. आता जमिनीवरच राहा, असं त्यांनी सुनावलं. तिने वाद घातला नाही, दुसरी डॉक्टर गाठली.

या डॉक्टरबाईंनी आधी पोटाची चौकशी केली. जळजळ? ती तर किती वर्षांची. चहामुळे असेल, असं ती धरून चालली होती. पिशवीत फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी झाली. जठरात जंतू निघाले. त्यांनी आतलं अस्तर सुजवलं होतं, त्याचीच ती जळजळ, आणि लोह शोषायला लागणारं आम्ल कमी केलं होतं. म्हणून लोह रक्तात उतरत नव्हतं आणि बी-ट्वेल्व्हही घटलं होतं. आधी जंतू घालवायचे, मग रक्त भरायचं, असं ठरलं.

औषधांनी तोंड गंजलेला खिळा चोखल्यासारखं झालं. अन्नावरची वासनाच उडाली. सासूबाई ताट पुढे ठेवून, ती चार घास खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. एवढं करून पुन्हा तपासलं तर जंतू होतेच. ती न्हाणीघरात जाऊन रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, "दुसरं औषध द्या."

दुसऱ्या औषधाने जंतू गेले. मग त्याच लोहाच्या गोळ्या अंगी लागू लागल्या, बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांनी पायांच्या मुंग्या थांबल्या. नखांवर लाली आली.

डॉक्टरबाईंनी परवानगी दिली, त्या सकाळी ती न थांबता शिडी चढली. वॉकीटॉकीवर म्हणाली, "लावा हुक."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती खाली आली नाही.