सुकलालने खरी मानलेली एकच थाप

“ऊठ! ऊठ तठून! मना दारवर बठानी हिंमत कशी व्हयनी तुनी?”

कलावहिनी उंबऱ्यात उभ्या राहून ओरडत होत्या, आणि मांडवात सतरंजीवर बसलेली पन्नासेक माणसं एकाएकी आपापल्या टोप्यांची शिवण तपासू लागली. आमच्या चोपड्याकडे माणूस गेला की दहा दिवस लोक ‘दारावर’ येऊन बसतात. दारावर आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. मला उठवलं. तीस वर्षं ‘नाना, बठा, च्या ठेवस’ म्हणणाऱ्या बाईने, तिच्या नवऱ्याच्या सगळ्यात जुन्या दोस्ताला, भर मांडवात अरे-तुरे करून उठवलं. मी चपला शोधत होतो तरी त्या थांबेनात. “तुन्या थापा! त्यासना डोया खाई ग्यात तुन्या थापा!”

सुकलालला जाऊन सहा आठवडे झाले. तेवढ्यात ‘देवमाणूस होता’ असं मी किमान सातशे वेळा ऐकलं असेल. कसला देवमाणूस? हेकट, गर्विष्ठ आणि भित्रा. मी त्याच्यावर अजून खवळलेलो आहे, आणि हा लेख त्या रागातच लिहितोय. ज्यांना हार घातलेला सुकलाल हवा असेल त्यांनी पान उलटावं.

त्याचं काम केळीचे घड पारखायचं. व्यापारी त्याला बागेत न्यायचे; तो खाली उभा राहून मान वर करायचा आणि केळ्याचे कंगोरे बुजलेत की अजून धारदार आहेत, एवढं बघून तयार घडाच्या दांड्यावर विळ्याने खूण करायचा. मागून कापणारे यायचे. सुकलालने खूण केलेला घड दिल्लीला पोहोचेपर्यंत पिकायची हिंमत करत नसे, असं मी सांगायचो. मी एसटीत कंडक्टर होतो, चोपडा-जळगाव आणि चोपडा-धुळे. माझ्या थापांना तिकीट लागत नसे. मी अंमळनेरच्या पुढे गाडीवर बिबट्या बसवला होता आणि त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं. सगळे हसायचे; सुकलाल तेवढा विडी झटकून म्हणायचा, “नाना, एक दिन तुनी जीभ झडी जाई.” माझ्या एकाही गोष्टीवर त्याने कधी विश्वास ठेवला नाही. हे ध्यानात असू द्या.

पन्नाशीच्या आत त्याला साखर निघाली. कलावहिनींनाही पुढे निघाली, पण त्या गोळ्या घेत. हा चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि त्या पुण्याईवर पाव किलो जिलेबी हाणायचा. मग बागेत त्याला कोळ्याची जाळी दिसायला लागली. चालता चालता तोंडापुढून हात फिरवायचा, काळे धागे बाजूला सारायचा, आणि बागवानाला शिव्या द्यायचा की साफसफाई करत नाही. जाळी बागेत नव्हती, त्याच्या डोळ्यात होती. दर वर्षी बाजारातून नवा चष्मा आणायचा. असे चष्मे घरात इतके झाले की एखाद्या शाळेला पुरले असते.

शेवटी गावात डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा वहिनींनी त्याला ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून आत पाहिलं आणि सांगितलं, साखरेने डोळ्याच्या पडद्यावर रक्त झिरपतंय, नंबराचा यात काही संबंध नाही. जळगावला या, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, थोड्या थोड्या दिवसांनी, आणि लेसर. आत्ता आलात तर नजर राहील.

संध्याकाळी तो टपरीवर आला. पाचसहा जण बसलेले. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “नाना, तुना शालाले धुयाले डोयामा सुई दिन्ही व्हती ना? कसं काय ऱ्हास ते?”

माझ्या मेव्हण्याला धुळ्यात ती सुई खरंच दिली होती. थेंबांनी डोळा बधिर केला, बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढा वेळ, आणि रात्री त्याने शेवभाजीवर दोन भाकरी ओढल्या. हे मला ठाऊक होतं. पण समोर पाचसहा कान होते... मी म्हटलं, सुई? छत्रीची काडी म्हण! डोळ्यातून घुसली ती कानामागून निघाली. मेव्हणा शिंकला, तर डोळाच उडून डॉक्टरच्या तळहातावर आला. डॉक्टरने तो वाटीत खळबळून धुतला आणि परत बसवला, पण उलटा. आता त्याला धुळ्याहून साक्रीकडे जाताना धुळंच दिसतं. टपरी हसून आडवी झाली. सुकलाल सगळ्यात मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवशी तो जळगावला गेला नाही. कापणी आहे म्हणाला. पुढच्या आठवड्यातही कापणीच होती. मी चौकशी केली नाही.

दीड वर्षं त्याने सगळ्यांना फसवलं. घड पाहताना झाडाला बिलगायचा, घड खाली वाकवायचा आणि अंगठा केळ्यावरून फिरवायचा. लोक म्हणत, वा, काय तन्मय होऊन पारखतो! तो अंगठ्याने कंगोरे मोजत होता. एकदा हात पोहोचला नाही अशा उंच बागेत त्याने अंदाजाने खुणा केल्या, आणि बोटाएवढ्या केळ्यांचे गाडीभर कोवळे घड खाली आले. व्यापाऱ्याने दुसरा माणूस लावला. रस्त्यात लोकांना ओळख देईना, तर लोक म्हणाले माजलाय. पाण्याचा पेला ताटाच्या काठावर ठेवून सांडायचा, मग वहिनींवरच खेकसायचा. नातीचं तोंड दोन्ही हातांत धरून अंगठ्याने चाचपायचा, तर ती रडत पळायची.

तेव्हा मी त्याच्या बाजेवर बसून खरं सांगितलं. “सुकलाल, ती सगळी थाप होती रे. मेव्हण्याला मुंगी चावल्याएवढंही दुखलं नाही. चल, मी येतो बरोबर.”

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “नाना, खोटं आते बोली ऱ्हायना तू.”

आयुष्यभर ज्याने माझी एक गोष्ट खरी मानली नाही, त्याने नेमकी ती मानली! कारण ती त्याला हवी होती. हे मी स्वतःला रोज सांगतो. तेवढ्याने झोप येत नाही, ते वेगळं. शेवटी जळगावला गेला, तोवर एका डोळ्याचा पडदा सुटला होता आणि दुसऱ्याने उजेड-अंधार तेवढा कळत होता. मग या उन्हाळ्यात पायात बाभळीचा काटा मोडला. पाय साखरेने बधिर, त्यामुळे कळलं नाही. डोळे गेलेले, त्यामुळे दिसलं नाही. वासावरून वहिनींना समजलं. पाय काढला, आणि बारा दिवसांनी सुकलाल गेला.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर बसून अंबाडी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभाच राहिलो. म्हटलं, “वहिनी, शिव्या द्या, चप्पल मारा. पण साखर तुम्हालाही आहे. जळगावला डोळे दाखवा. सुई द्यायची म्हणाले तर घाबरू नका, मी जे सांगितलं होतं ते...”

त्यांनी मान वर केली नाही.

“मी जाई उनू. दोन सुया व्हई ग्यात. काही दुखस नही.”