जांभळाचा चोथा आणि गूळ

आयला साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखर बंद. आम्ही त्याच दिवशी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला आणि चहात गूळ घालू लागलो. गूळही साखरच, हे भिसेगावात तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. पाहुण्याला गूळ, बाळंतिणीला गूळ. तो कुणाला कसा बाधेल?

माझी मावशी कशेळ्याच्या वाटेवर एका बंगल्यात स्वयंपाकाला होती. तिथले म्हातारे साहेब जांभळाची वाइन करायचे. रस गाळला की सालं आणि बिया उरत, तो चोथा खड्ड्यात जायचा. मावशीने एकदा पिशवी भरून आणला.

"साल नि बी साखरेवर चांगली, सायबच सांगत व्हते. आनि फेकतात मेले."

आय माळकरी. दारूचा चोथा उंबऱ्याच्या आत नको, म्हणून अडून बसली. तिच्या पायांना तेव्हाच काही कळेनासं झालं होतं, चप्पल वाटेत निसटली तरी पत्ता नसायचा. मी मुळातच तापट. "पाय गेल्यावर माळ काय करनार हाय गं?" असं फाडकन बोलून गेले. मग ती उंबऱ्यातून बाजूला झाली.

मी चोथा अंगणात वाळवला, उखळात कुटला, फडक्यातून गाळून ते चूर्ण बाटलीत भरलं. चिमूटभर चाखला तर जीभ आखडली, इतका तुरट. आमच्याकडे कडू औषध गुळातच देतात. मीही तेच केलं. सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या, गूळ सढळ हाताने घातला. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. आयला या जास्त आवडल्या.

"आजून येक दे गं," म्हणायची. मी द्यायचे. औषध मागून खाणारी आय बघून मला फार बरं वाटायचं.

लावणीच्या दिवसांत तिच्या टाचेत काटा मोडला. तिला कळलंच नाही. वास यायला लागला तेव्हा मी पाय बघितला.

डॉक्टरांना मी चूर्णाची बाटली दाखवली, जरा तोऱ्यातच. ते म्हणाले, "चोथ्यात गुण असेलही. देता कशात?"

"गुळात."

"दिवसाला किती?"

"मागेल तितक्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडले नाहीत. गूळ म्हणजे काय ते हळू आवाजात समजावून सांगितलं. मी मान हलवत राहिले.

मुंबईच्या इस्पितळात आयचा पाय गुडघ्याखाली काढला. मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, भूक नाही. तिची लुगडी धुतली, पिळली, वाळत घातली. बायका म्हणाल्या, पोरीचं काळीज दगडाचं आहे. असेल. मला तेही लागलं नाही.

आयला मी काही सांगितलं नाही. घरी आणली त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तिने हात पुढे केला. "गोळी दे गं."

मी तळहातावर नुसतं चूर्ण ठेवलं आणि पाण्याचा तांब्या दिला. तिने तोंडात टाकलं, तोंड वेडंवाकडं केलं, कसंबसं गिळलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

"पाय गेला माजा," ती म्हणाली, "नि हात तुजा आखडला व्हय गं?"

मी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि तिचं ताट उचललं.