आप्पांचा पडताळा

पडद्यावर ओळीने बरोबरच्या हिरव्या खुणा उमटल्या की आमच्या धंद्यातल्या माणसाचा चेहरा खुलतो. आप्पांचा पडायचा. खुर्ची पुढे ओढून ते म्हणायचे, "पहिल्या फटक्यात सगळं पास? काहीतरी लोचा हाय."

आप्पा मूळचे निफाडकडचे. नाशिकच्या एका रुग्णालयाच्या सर्व्हर रूमचे ते प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली. रुग्णांचे एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट बाहेरच्या कंपनीकडे न देता आमच्याच इमारतीत, स्वतःच्या खासगी क्लाऊडवर ठेवायचं ठरलं, तेव्हा आप्पांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्यांच्यानंतर हा डोलारा मी सांभाळायचा होता. सुवर्णाला झेपेल का, याची कँटीनमध्ये उघड चर्चा चाले. खरं सांगायचं तर माझीच झोप उडाली होती.

आप्पांनी हाताने काही बसवू दिलं नाही. हाताने दहा कमांड दिल्या की माणूस अकरावी हमखास विसरतो, म्हणून सर्व्हरवरची प्रत्येक सेवा स्क्रिप्टनेच, म्हणजे सगळ्या कमांड आधी लिहून ठेवून, बसवायची. बसली की सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून पुन्हा बसवायची. चार-चार वेळा. एकदा मी कुरकुरले, "आप्पा, चाललंय ना व्यवस्थित!"

"चालतंय ते तुझ्या जिवावर. उद्या तू आजारी पडली, मंग?"

बरं, स्क्रिप्टने पास म्हटलं तरी स्वारी दोन जिने चढून वॉर्डात जायची. सिस्टरांच्या टेबलावरच्या संगणकावर एक्स-रे उघडायला लावायची आणि तो उघडेपर्यंत हाताची घडी घालून उभी राहायची. "तुमचा मशीनवर विश्वास नाही का हो?" असं सिस्टरांनी विचारलं, तर म्हणाले, "मशीनवर लय हाय. तपासणाऱ्यावर नाय." तपासणारी मीच होते. मला भयंकर राग यायचा.

मग माझी फजिती झाली. आजवर रिपोर्ट ज्यावर होते तो जुना सर्व्हर सोमवारी उचलून नेणार होते. शनिवारी दुपारी नव्या यंत्रावरच्या सगळ्या तपासण्या पास झाल्या आणि मी पेढे मागवले. आप्पांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. वॉर्डांना फोन करून पाच मिनिटांची सवड मागितली आणि सरळ जाऊन जुन्या सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटली.

पडदा लालेलाल! माझ्या तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये पत्ता जुन्याच सर्व्हरचा राहिला होता. मी नव्याची परीक्षा घेत होते आणि उत्तरं जुना देत होता, तीही इमानाने. नव्यावर रिपोर्टची सेवा सुरूच झाली नव्हती. सोमवारी एकाही डॉक्टरला आपल्या पेशंटचा रिपोर्ट दिसला नसता.

आप्पांनी वायर परत लावली आणि पेढा तोंडात टाकला. "पेढा झकास हाय. आता पत्ता बदल."

साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं, की तपासणीत चूक सापडली. कोणाची, ते आजतागायत कोणाला माहीत नाही. रविवारी पत्ता बदलला, सेवा नीट बसवली आणि वायर मी स्वतः उपटली. पडदा हिरवाच राहिला. सोमवारी जुना सर्व्हर टेम्पोत चढला, तेव्हा वॉर्डात सगळे रिपोर्ट उघडत होते. त्या दिवशी मी कँटीनमध्ये मुद्दाम मधल्या टेबलावर बसून जेवले.

निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये भाषणं झाली. शाल अंगावर तशीच ठेवून आप्पा सर्व्हर रूममध्ये आले. "माझं लॉगिन बंद कर."

"राहू द्या ना आप्पा. अडलंनडलं तर लागेल."

"अडलं तर तू हाय ना."

मी स्क्रिप्ट चालवली. त्यांनी स्वतःचं नाव, पासवर्ड टाकून पाहिला. तीनदा. तिन्ही वेळा त्यांनीच उभं केलेल्या यंत्राने त्यांना आत घेतलं नाही. आप्पा खळखळून हसले आणि खुर्चीवरून उठले. "बस आता इथं."

डोळे भरल्यामुळे पडदा नीट दिसत नव्हता, पण त्या खुर्चीत बसताना माझी मान ताठ होती.